भूतकाळ करा

“बाई, पुरवणी,” दुसऱ्या रांगेतली मुलगी म्हणाली.

नदाफ मामांनी पेनाला टोपण लावलं आणि ते उठले.

आमच्या शाळेत ही गोष्ट इतकीच सांगतात. इथपर्यंत आली की ऐकणारे हसतात. टोपणाचं मी घातलं आहे. बाकी कोणी सांगताना टोपण येत नाही.

हसू यायला थोडं माहीत असावं लागतं. इलाही नदाफ आमच्या हायस्कूलचे शिपाई. परीक्षेत कोणी पुरवणी मागितली की गठ्ठ्यातून काढून नेऊन द्यायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. पण त्या दिवशी ते शिपाई नव्हते. रजेचा अर्ज देऊन स्वतः दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला बसले होते. वय सेहेचाळीस. ब्लॉक नंबर सात, दाराजवळचा शेवटचा बाक. ब्लॉकवर पर्यवेक्षक मी होते.

मार्च, दोन हजार चार.

*

नियम पहिला. आणि लगेच दुसरा, कारण मामा थांबले नाहीत.

शाळा सव्वापाचला सुटायची. मामा एकेक वर्ग बंद करत यायचे आणि सगळ्यांत शेवटी प्रयोगशाळा. मी विज्ञानाची शिक्षिका, नोकरीला दीड वर्ष झालेली, शिक्षणसेविका म्हणजे अजून कच्ची. मी तिथे जर्नल तपासत बसायचे. नोव्हेंबरात एक दिवस मामा कुलूप हातात घेऊन दारातच उभे राहिले.

“बाई, एक इचारू? रागवू नका.”

“विचारा की.”

“इंग्लिश शिकिवता का मला? भूतकाळापुरतं. बाकी मी पाठ करतो.”

“कुंभोजकर सर आहेत ना मामा. त्यांचा विषय आहे.”

“त्यास्नी इचारलं. ते म्हणले, मामा, इंग्लिश म्हंजे काय घंटा हाय व्हय, कुणीबी वाजवावी?”

मामा हे सांगताना स्वतःच हसले. कुंभोजकर सरांचे विनोद ज्याच्यावर होत त्यालाच पहिल्यांदा हसावं लागे.

मामांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायला घेतली होती. बाकीचे विषय एकेक करून सुटले होते. इंग्रजीत तीनदा गेले होते. आता घाई होती, कारण आमचे हेडक्लार्क आवटी जूनमध्ये निवृत्त होणार होते. मुख्याध्यापक म्हेत्रे सरांनी संस्थेकडून शब्द आणला होता: नदाफ तोवर दहावी पास झाला तर बढत्यांनंतर रिकामी होणारी खालच्या लिपिकाची जागा त्याची. नाही झाला तर माणूस बाहेरून येणार. तशी जागा पुन्हा कधी निघेल हे कोणी सांगू शकत नव्हतं.

मी खडू घेतला. पहिला नियम सोपा. क्रियापदाला ई आणि डी लावायचे. ओपन, ओपन्ड.

“उघडलं,” मामा म्हणाले.

“दुसरा. शब्दाच्या शेवटी ई आधीच असेल तर नुसता डी. क्लोज, क्लोज्ड.”

मामांनी हातातल्या कुलपाकडे पाहिलं. “म्हंजे कडी आधीच लावलेली हाय. आपुन नुस्तं कुलूप घालायचं.”

मी बी.एड.ला पहिल्या वर्गात आले होते. असं मला कोणी शिकवलं नव्हतं.

*

नियम तिसरा

शेवटी वाय आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर वायचा आय करायचा आणि मग ई-डी. कॅरी. क्राय. ट्राय.

“वाय उठतो, त्याच्या जागंवर आय बसतो.”

“बरोबर.”

“मग प्लेमधला वाय का उठत न्हाई? तुमी नुस्तं ई-डी लावलं.”

“कारण त्याच्या मागे ए आहे. मागे स्वर असला की वाय हलत नाही.”

मामांनी फळ्याकडे पाहिलं.

“आस्सं. मागं कुणीतरी असलं म्हंजे उठावं लागत न्हाई.”

“मामा, हे व्याकरण आहे.”

“मी कुटं काय म्हंतोय?” ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

वही म्हणजे जुन्या नोटिशींचे कागद. एका बाजूला ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की’, दुसऱ्या बाजूला मामांचा भूतकाळ. अक्षर बारीक, सरळ, एका उंचीचं. बावीस वर्षं दाखल्यांच्या पाकिटांवर पत्ते लिहिलेला हात होता तो.

*

नियम चौथा, थोडक्यात

स्टॉप. बारका शब्द, मधे एकच स्वर, शेवटी एकच व्यंजन. शेवटचं व्यंजन दोनदा लिहायचं.

“बारकी खोली, एकच खिडकी, तर कडी दोनदा.”

हा नियम मामा कधीच चुकले नाहीत.

*

ज्यांना नियम नाही

“रिंग,” मी म्हणाले. “घंटा वाजवणे. भूतकाळ?”

“रिंग्ड.”

“नाही. रँग.”

मामांनी पेन खाली ठेवलं. “बावीस वरसं वाजवतोय बाई. आन् हिलाच नियम न्हाई?”

“ब्रिंगलाही नाही. गिव्हला नाही. सिटला नाही.”

“आणायचं, द्यायचं, बसायचं.” त्यांनी बोटं मोजली. “म्हंजे माझं समदं कामच नियमाभायेर.”

ही क्रियापदं पाठच करावी लागतात, असं मी सांगितलं. त्यांनी पाठ केली. सकाळी प्रार्थनेच्या आधी पटांगणात पाणी मारताना त्यांचे ओठ हलत असायचे. मुलं समजायची, मामा दुवा म्हणतायत.

फेब्रुवारीत मी त्यांचे तीन सराव पेपर घेतले. गुण आले सदतीस, एकोणचाळीस, एकेचाळीस. पास व्हायला पस्तीस लागत होते. उतारा आणि पत्र कसंतरी जमायचं. भूतकाळाच्या पाचव्या प्रश्नात मात्र दहातले नऊ ठरलेले. आणि तो प्रश्न मामा शेवटी सोडवायचे.

“आधी सोडवा ना. येतोय तो.”

“नको. येतोय म्हणूनच. आदी परक्या खोल्या, मागनं आपली. सवय हाय माझी.”

मी आग्रह केला नाही.

*

शेवटच्या सराव पेपरनंतर सव्वीस दिवसांनी: सकाळ

बोर्डाचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. आपल्या शिपायाला आपल्याच केंद्रावर बसवलेलं चालतं का, हे म्हेत्रे सरांनी वरती विचारलं नव्हतं. इंग्रजीच्या पेपरला इंग्रजीचे शिक्षक पर्यवेक्षणाला घेत नाहीत, म्हणून कुंभोजकर सर घरी होते. मी विज्ञानाची, मी चालत होते. मामांना मी शिकवते का, हे मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मामांच्या जागी प्रयोगशाळेचे परिचर शेडबाळे घंटेवर होते. साडेनऊला त्यांना रेकॉर्डरूमची किल्ली सापडेना. म्हेत्रे सरांनी मामांना घरून बोलावलं. मामांनी रेकॉर्डरूम उघडली, मग आलोच आहे तर म्हणून सगळे ब्लॉक उघडले, माठ भरले, आणि पावणेअकराला तसेच खाकी कपड्यात येऊन शेवटच्या बाकावर बसले. हॉल तिकीट खिशाला टाचणीनं लावलेलं. ते त्यांनी काढून बाकावर ठेवलं.

“शर्ट बदलायचा ना मामा,” मी उत्तरपत्रिका देताना हळूच म्हणाले.

“बायकोनं पांढरा इस्त्री करून ठिवलाय. ऱ्हायला घरीच.”

अकराला शेडबाळेंनी घंटा दिली. मामांनी मान हलवली. दोन टोल जास्त पडले होते.

*

दुपार, एक वाजून वीस मिनिटं

“बाई, पुरवणी,” मुलगी म्हणाली.

मामांनी पेनाला टोपण लावलं, उठले, माझ्या टेबलापाशी आले, गठ्ठ्यातली वरची पुरवणी घेतली, दोऱ्याचा तुकडा घेतला आणि मुलीच्या बाकावर नेऊन ठेवली.

“नंबर घाल आदी,” ते तिला म्हणाले.

त्याच वेळी दारात दोन माणसं आली. पुढच्याच्या खिशाला बोर्डाचं ओळखपत्र होतं. भरारी पथक. गाडीचा आवाज मला आला नव्हता.

परीक्षार्थी जागेवरून उठून दुसऱ्या परीक्षार्थीला कागद देताना आढळला, तर त्याला कॉपी म्हणतात. त्या विषयापुरतं थांबत नाही. सगळी परीक्षा जाते, पुढच्या वर्षीही बसता येत नाही. पर्यवेक्षकाचा खुलासा मागवतात. शिक्षणसेवकाचा खुलासा मागवला की त्याचं पुढे काय होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

साहेबांनी मामांकडे पाहिलं. खाकी पाहिली. मग माझ्याकडे वळले.

“हे कोण?”

“शिपाई आहेत,” मी म्हणाले.

मामा जिथे होते तिथेच उभे होते.

“शिपाई ब्लॉकच्या आत कशाला? बाहेर थांबायचं. आणि मामा, पाणी आणा जरा. गार बघा.”

“हो साहेब,” मामा म्हणाले आणि गेले.

साहेब माझ्या खुर्चीत बसले. दुसरे गृहस्थ एकेकाचं हॉल तिकीट तपासू लागले. शेवटच्या बाकाशी थांबले.

“ही जागा?”

“बाथरूमला गेलेत. दुसरे शिपाई आहेत सोबत.”

बाकावर उत्तरपत्रिका मिटलेली होती, तिच्यावर टोपण लावलेलं पेन. ती मामांनी मिटून ठेवली होती. हॉल तिकीट मात्र उघडं होतं. त्यावरचा फोटो त्या गृहस्थांनी पाहिला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. त्यांनी फक्त नंबर पाहिला आणि पुढे गेले.

मामांनी पाणी आणलं. ट्रेमध्ये दोन ग्लास, वर झाकणं. साहेब प्यायले.

“आमच्याकडं असं पाणी मिळत नाही,” ते म्हणाले. “बाहेर थांबा आता.”

मामा बाहेर थांबले. खिडकीतून मला ते दिसत होते. हात मागे बांधून, माठाच्या शेजारी, भिंतीला न टेकता. बावीस वर्षं ते तिथेच तसेच उभे राहत आले होते. व्हरांड्यातून जाणाऱ्या कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नसतं. आत पंचवीसपैकी चोवीस जण लिहीत होते.

दीडचा टोल पडला. साहेबांनी केंद्राविषयी, गावाविषयी, द्राक्षांविषयी विचारलं. मी उत्तरं दिली. माझी उत्तरं नीट होती. पावणेदोनचं मी घड्याळात पाहिलं. साहेब उठले तेव्हा एक अठ्ठेचाळीस झाले होते.

गाडी फाटकाबाहेर गेल्याचा आवाज आल्यावर मामा आत आले. माझ्याकडे न बघता बाकावर बसले. टोपण काढलं. उत्तरपत्रिकेत पान शोधलं. तेवढ्यात शेडबाळेंनी दहा मिनिटं आधीची घंटा दिली आणि पोरांनी पुरवण्या बांधायची घाई केली. कोणाचा दोरा तुटला, कोणाची पुरवणी खाली पडली. मामांनी त्या मुलाकडे पाहिलं. या वेळी ते उठले नाहीत.

दोन वाजता मी उत्तरपत्रिका गोळा केल्या. मामांची हातात घेतली तेव्हा ती शेवटच्या लिहिलेल्या पानावर उघडली. त्यावर लिहिलं होतं: प्रश्न पाचवा. त्याखाली रेघ, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. त्याखाली दोन वाक्यं, दुसरं अर्धं.

*

म्हेत्रे सरांची केबिन, तीन वाजता

“नदाफ, तुम्ही माठापाशी काय करत होता? मी वरून बघितलं. पेपर सोडून?”

मी गठ्ठा मोजून द्यायला आले होते. सरांच्या टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला मामा.

मामा सरांकडे बघत म्हणाले, “सवय ओ साहेब. पोरगी म्हणली पुरवणी, आन् मी उठलो. तेवढ्यात पथक आलं. बाई होत्या म्हणून निभावलं. शिपाई म्हणल्या, म्हणून कॉपी झाली न्हाई.”

सरांनी कपाळावर हात मारला. मग त्यांना हसू आलं. वाईट वाटत असतानाही हसू आलं.

“अहो नदाफ! निदान आज तरी!”

“काय करायचं साहेब. अंगात मुरलंय.”

सर माझ्याकडे वळले. “तुम्ही प्रसंगावधान दाखवलंत केळुसकर बाई. हे बाहेर बोलू नका.”

“नाही सर,” मी म्हणाले.

बाहेर मात्र ते दुसऱ्या दिवशीच गेलं. कुंभोजकर सरांनी स्टाफरूममध्ये उभं राहून करून दाखवलं. मुलगी म्हणते पुरवणी, मामा झपकन उभे. सर झपकन उभे राहायचे. झपकन हा शब्द त्यांचा. सात नंबरच्या ब्लॉकमधली मुलं बाहेरच्या शाळांतली होती. ती एसटीनं आपापल्या गावी गेली होती. सरांना दुरुस्त करणारं कोणी नव्हतं.

*

सराव

पेपरच्याच दिवशी संध्याकाळी मामा प्रयोगशाळेच्या दारात आले. हातात नोटिशीचा कागद. मागच्या बाजूला प्रश्न पाचवा, दहा वाक्यं, सगळी.

“तपासता का?”

मी तपासलं. दहाही बरोबर होती. कॅरीमधला वाय उठला होता. स्टॉपला दोन पी होते. घंटेला रँग.

“दहापैकी दहा,” मी म्हणाले. मी खाली सहीही केली, तारखेसकट.

मामांनी कागद उजेडाकडे धरला. “हे धरत न्हाईत न्हवं कुटं?”

“नाही मामा.”

“न्हाईच धरणार. मी आपलं बघितलं, येतंय का.” घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला. “चला. कुलूप घालतो.”

जूनमध्ये निकाल लागला. एकतीस. संस्थेच्या एका संचालकांचा पुतण्या लिपिक म्हणून आला. मुलगा चांगला होता. मामांनी त्याला टेबल पुसून दिलं आणि फायली कुठे असतात ते दाखवलं. मामा पुन्हा परीक्षेला बसले नाहीत. दीड वर्षानं मी कायम झाले.

*

बारा वर्षांनंतर: निरोप समारंभ

मामा अठ्ठावन्नाव्या वर्षी शिपाई म्हणून निवृत्त झाले. त्या दिवशी ते पांढऱ्या शर्टात आले होते. कुंभोजकर सर स्वतः निवृत्त झालेले, पण भाषणाला आले. झपकन केलं. गुडघे दुखत असूनही केलं. सगळी शाळा हसली, मामा हसले, मामांची नातवंडं हसली.

मुख्याध्यापिका म्हणून शेवटी मला बोलायचं होतं. मी घंटेबद्दल बोलले, माठातल्या पाण्याबद्दल बोलले, बावीस अधिक बारा वर्षांत एकही वर्ग उशिरा उघडला नाही हे सांगितलं. कागदावर आणखी एक मुद्दा लिहून आणला होता. तो वाचला नाही. टाळ्या झाल्या.

नंतर मामा केबिनमध्ये आले. चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

“मोजून घ्या बाई. एकोणतीस.”

“बसा ना मामा.”

“न्हाई, भायेर माणसं थांबल्यात.” ते उभेच राहिले. “घंटेचा काय हुता वो?”

“रँग.”

“हां, रँग. विसरत चाललंय.”

“मामा,” मी म्हणाले, “त्या दिवशी ब्लॉकमध्ये...”

“ऱ्हाऊ द्या बाई,” मामा म्हणाले. आवाज नेहमीचा, कुलूप घालतो म्हणताना असायचा तसा. “आता समद्यांचं पाठ झालंय.”

*

प्रश्न पाचवा

“बाई, पुरवणी,” मुलगी म्हणाली.

मी ब्लॉकच्या अहवालात बैठक क्रमांक भरत होते. पंचविसाव्या क्रमांकापर्यंत आले होते. तो मामांचाच क्रमांक. मान वर केली नाही.

“मामा, हिला पुरवणी द्या,” मी म्हणाले.

शेवटच्या बाकावरचा लिहिण्याचा आवाज थांबला. मग टोपण लागल्याचा आला. तो मी ऐकला.

“हो बाई,” मामा म्हणाले आणि उठले.